न फोडलेलं पाकीट

मतमोजणीत आधी टपाली मतं. नगरपरिषदेला ती मोजकीच, आणि बहुतेक आमच्यासारख्या ड्यूटीवाल्यांचीच. मोठं पाकीट उघडायचं, मतदाराचं घोषणापत्र पाहायचं, त्यावर सही असेल तरच आतलं मतपत्रिकेचं लहान पाकीट फोडायचं. माझ्या टेबलावर सात आली. पाचव्यात नाव होतं, पत्ता होता, सहीची जागा कोरी. साहेबांना दाखवलं. 'नाकारले' असा शेरा पडला, लहान पाकीट बंदच राहिलं. उमेदवारांच्या एकाही प्रतिनिधीने मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे मशिन कधी येतात याकडे.

मशिनचं काम तसं रटाळच. कंट्रोल युनिटचं सील दाखवा, एकूण मतं केंद्राच्या हिशोबाशी जुळवा, मग निकालाचं बटण. आकडे सरकतात, प्रतिनिधी उतरवून घेतात, आणि एकाचा हुकला की, "सर, परत दाबा की!" एका मशिनवर मी चारदा दाबलं.

शेवटी दोन उमेदवारांना ६१२ आणि ६१२. फेरमोजणीतही तेच. साहेबांनी ते पाचवं घोषणापत्रही पुन्हा पाहिलं आणि ठेवून दिलं. बरोबरच होतं त्यांचं. एव्हाना बाकीचे प्रभाग लागले होते आणि बहुमत नेमकं या एका जागेवर अडलं होतं.

२०१७ मध्ये मुंबईत २२० क्रमांकाच्या प्रभागात ५,९४६ मतांवर बरोबरी होऊन चिठ्ठी निघाली, तेव्हा पेपरात वाचून गंमत वाटली होती. इथे चिठ्ठ्या मीच कापल्या. पट्टी लावून, एकाच कागदाच्या, एकाच पेनाने नावं. एक घडी जराशी फुगीर दिसली म्हणून दोघांच्या देखत दोन्ही मोडून परत घातल्या. एका लहान मुलीने डब्यात हात घातला, आणि वर्षानुवर्षं सत्तेत असलेला पक्ष विरोधी बाकांवर गेला. बाहेर गुलाल. हरलेला उमेदवार मला नमस्कार करून गेला, तेच जास्त लागलं.

प्रशिक्षणात घोषणापत्राचा भाग येतो तेव्हा निम्मे चहाला गेलेले असतात, उरलेले मोबाइलमध्ये. दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावणारे आम्ही!

संध्याकाळी नाकारलेल्या मतांचं पाकीट सील केलं. त्याआधी ते लहान पाकीट उजेडासमोर धरावं असं क्षणभर वाटलं. धरलं नाही. पण घोषणापत्रावरचं नाव सकाळीच वाचलं होतं. पुढच्या प्रशिक्षणाला ते गुरुजी बहुतेक माझ्याच रांगेत असतील.