फळ्यावरचा एक शब्द

आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘बोर्ड’, आणि अर्थ विचारले. मागच्या बाकावरून कॅरम बोर्ड आलं, कुणी नोटीस बोर्ड म्हणालं, कुणी दहावीचं बोर्ड. मी बोर्डिंगात राहणारा, मी ‘बोर्डिंग’ म्हणालो. पण या सगळ्यांचं आपसात नातं काय, ते कुणालाच सांगता येईना.

सरांनी खडूने एक फळी काढली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. तिला पाय लावले की टेबल. टेबलावर वाढतात, म्हणून पुढे जेवणालाच बोर्ड म्हणू लागले. पैसे घेऊन जेवण्या-राहण्याची सोय करणारं घर ते बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती कारभार पाहायला बसणारी मंडळी, तेही बोर्डच. सर मला म्हणाले, “तुम्ही मुलं पंगतीला जमिनीवर बसता, पण तुमच्या बोर्डिंगच्या नावात टेबल आहे बरं का.”

तो शब्द त्या दिवसापासून मला आपला वाटू लागला. आपल्याकडे तो रुजला तो शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात काढलेल्या मराठा बोर्डिंगसारख्या वसतिगृहांमुळे. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. बोर्ड म्हणजे जेवण, हा अर्थ मला आजही तिथेच सर्वांत खरा वाटतो.

जुन्या इंग्रजी काव्यात बोर्ड म्हणजे ढालही. पुढे संस्कृत कोश चाळताना ‘फलक’ या शब्दाखाली फळी आणि ढाल असे दोन्ही अर्थ सापडले, तेव्हा सरांना सांगायला हवं असं फार वाटलं. आपला फळाही त्या फलकातूनच आलेला.

त्या तासाचा शेवट मात्र समुद्रावर झाला होता. जुन्या इंग्रजीत कड, काठ, जहाजाची बाजू अशा अर्थाचा आणखी एक ‘बोर्ड’ होता. तो या फळीत मिसळून गेला. जहाज वळवायचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. त्यातल्या ‘स्टार’चा ताऱ्याशी संबंध नाही, तो ‘स्टिअर’मधून आला. डावी बाजू ‘लारबोर्ड’. वाऱ्यात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने डाव्या बाजूला ‘पोर्ट’च म्हणायचं असं ठरवलं.

दहा वर्षांनी मी मालवाहू जहाजावर कॅडेट होतो. रात्रीच्या पहाऱ्याला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, उभा असताना सुकाणूवरच्या खलाशाला हुकूम गेला, “स्टारबोर्ड टेन.” काळोखात जहाज हळूहळू उजवीकडे वळू लागलं आणि सरांनी फळीच्या उजव्या अंगाला खडूने काढलेलं ते वल्हं डोळ्यांपुढे आलं. मुंबईला उतरल्यावर मी सरांना पहिलं पत्र लिहिलं. ढालीबद्दलही त्यातच लिहिलं.