उणे बारा व्होल्ट

"तो घूं आवाज तेवढा काढा. बाकी कशाला हात लावायचा नाही." यंत्र काउंटरवर टेकायच्या आत गिटारवाल्याने अट सांगून टाकली.

मी ओहायोत, ॲक्रनजवळ, जुनी टेप यंत्रं दुरुस्त करते. आले होते इथल्या विद्यापीठात पॉलिमर शिकायला. ॲक्रन म्हणजे रबराचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर, सगळ्यांची मुळं इथलीच. मी आले तोवर बहुतेक कारखान्यांमध्ये टायर बनणं थांबलं होतं. काही वर्षं रबराच्या प्रयोगशाळेत काढली, मग फावल्या वेळेतलं काम वाढत वाढत दुकान झालं. क्लीव्हलँडच्या गणपतीत एक मावशी भेटल्या की विचारतात, "एमएस करून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतेस?" टेपरेकॉर्डरमध्ये रबर किती असतं आणि ते वितळून गोंद झालं की काय हाल होतात, हे त्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

तर ही जोडी. तो गिटार वाजवणारा आणि गाणारा, ती ड्रमवर. सोबत तिचा भाऊ, केवळ ओझं उचलायला आणलेला. यंत्र आठ ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर आठ आवाज वेगवेगळे घेणारं, ते एकत्र करणारा मिक्सर त्याच्याच अंगात असलेलं, ऐंशीच्या दशकातलं धूड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सापडलं त्यात बनवणाऱ्यांचा काडीचा दोष नव्हता. दोघांना खरं तर टॅस्कॅम ३८८ हे तसलंच आठ ट्रॅकचं यंत्र हवं होतं, पण त्याच्या किमती आता आवाक्याबाहेर गेल्या आहेत, म्हणून हे. ३८८ च का, असं मी विचारलं नाही. आमच्या भागात विशीतलं कुणी नुसती गिटार आणि ड्रम घेऊन ३८८ चं नाव काढतं, तेव्हा त्याला 'द ब्लॅक कीज' या इथल्या बँडच्या 'थिकफ्रीकनेस' अल्बमचा आवाज हवा असतो.

गिटारवाला डॅन ऑरबाक आणि ड्रमवाला पॅट्रिक कार्नी ॲक्रनमधल्या एकाच वस्तीत वाढले. २००१ मध्ये त्यांचा 'द ब्लॅक कीज' सुरू झाला तोही योगायोगानेच. ऑरबाकला आपल्या तेव्हाच्या बँडचा डेमो करायचा होता. कार्नीकडे तळघर होतं, रेकॉर्डिंगचं सामान होतं. बाकीचे वादक उगवलेच नाहीत, मग दोघंच वाजवत बसले. बास वाजवायला कुणी नव्हतं, ते तसंच राहिलं. पहिला अल्बम २००२ चा, तळघरातच केलेला. मग मिसिसिपीतल्या फॅट पॉसम या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं आणि डिसेंबर २००२ मध्ये चौदा तासांच्या बैठकीत ३८८ वर 'थिकफ्रीकनेस' झाला. कंपनीने दिलेली थोडीशी आगाऊ रक्कम घरभाड्यात गेली होती. स्टुडिओ परवडणार कुठून? गिटार फाटलेली, ड्रम कोंडलेले, सगळाच आवाज जाडाभरडा. साठच्या दशकातली एखादी हरवलेली तबकडी सापडावी तसा तो अल्बम वाजतो.

तळघर सुटल्यावर २००४ मध्ये जनरल टायरच्या बंद कारखान्यात त्यांनी सामान मांडलं आणि पुढचा अल्बम तिथे केला. नावच 'रबर फॅक्टरी'. ती इमारत २०१० मध्ये पाडली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेच, पण मी रबरवाली आहे, तेव्हा मत पक्षपाती धरा.

यंत्र उघडलं. घूं आवाजाचं कारण लगेच सापडलं: वीजपुरवठ्यातला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती सपाट करणारा भाग, सुकलेला. तो बदलणं सोपं. पण वीजपुरवठा उघडलाच आहे तर व्होल्टेज मोजून घ्यायचं, ही हाताला लागलेली सवय. अधिक बाजूला बरोबर पंधरा व्होल्ट. उणे बाजूला बारा.

आधी वाटलं मीटरची बॅटरी उतरली. दुसरा मीटर लावला, तरी बाराच. मग भिंग घेऊन रेग्युलेटरवरचा, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागावरचा, नंबर वाचला. तिथे उणे पंधरा देणारा ७९१५ हवा होता, बसवलेला होता उणे बारा देणारा ७९१२. कधीतरी कुणीतरी हाताने बदललेला, सोल्डरचे गोळे तसेच, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, हीटसिंक, परत लावायची तसदीही घेतलेली नाही. खालची सर्किटची पट्टी भाजून तपकिरी झाली होती. मुंबईत शिकत असताना लॅमिंग्टन रोडवर हवा तो पार्ट नसला की दुकानदार शेजारचा नंबर हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा, चालून जाईल." ओहायोतही तसा कुणी होता आणि त्याचं खरंच चालून गेलं होतं.

चालून गेलं म्हणजे कसं, ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मिक्सरमधल्या ऑप-अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपला, अधिक आणि उणे अशी दुहेरी वीज लागते. आवाजाची लाट त्या दोन टोकांच्या मध्ये वरखाली होते. टोकं सारख्या अंतरावर असली, की फार जोरात वाजवल्यावर लाट वरून-खालून सारखीच कापली जाते आणि आवाज कर्कश होतो. इथे खालचं टोक तीन व्होल्टनी जवळ आलेलं. ड्रम जोरात पडला की लाटेचा खालचा भाग आधी चेपायचा, वरचा मोकळा राहायचा. अशा एकतर्फी चेपण्यातून मूळ स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर मिसळतो. कान त्याला बिघाड म्हणत नाही, भरलेला आवाज म्हणतो.

दोघं मागे खुर्च्यांवर बसून पिझ्झा खात होते. मी बोलावून मीटर दाखवला. तिला तिथेच हसू फुटलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे हा १९८५ चा आवाज नाही?"

"१९८५ चा आवाज या यंत्रातून बरीच वर्षं कुणी ऐकला नसेल."

"मग तो पार्ट काढू नका," तो म्हणाला.

आता पंचाईत. तो रेग्युलेटर तसाच ठेवला असता तर एक दिवस पट्टी जळली असती, आणि जोडीने आणखी काय काय गेलं असतं सांगता येत नाही. ते दुकानातून तसं बाहेर जाऊ देणं मला शक्य नव्हतं. पण त्यांच्या कानाला जे आवडलं होतं तेही खोटं नव्हतं.

मी जुनं सोल्डर ओढत होते तेव्हा त्या दोघांचा वाद सुरू झाला. असे वाद त्यांच्यात रोजच होत असावेत. त्याचं म्हणणं, तळघर सुटलं तिथे ब्लॅक कीज संपले. २००८ मध्ये डेंजर माउस हा निर्माता आला, पहिल्यांदा खऱ्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. २०१० चा 'ब्रदर्स' अलाबामातल्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत केला, त्याला तीन ग्रॅमी मिळाले. मग दोघंही ॲक्रन सोडून नॅशव्हिलला गेले. ऑरबाकने तिथे 'ईझी आय साउंड' नावाचा स्वतःचा स्टुडिओ उभा केला. २०१४ चा 'टर्न ब्लू' अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिला आला. "पैसा आला आणि आवाज धुऊन निघाला," तो म्हणाला.

तिचं उत्तर 'डेल्टा क्रीम'. २०२१ चा हा अल्बम दोन दुपारींत, सुमारे दहा तासांत झाला, आणि तोही त्याच नॅशव्हिलच्या स्टुडिओत. आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनिअर किंब्रो या मिसिसिपीच्या डोंगराळ भागातल्या ब्लूजवाल्यांची गाणी. सोबत गिटारवर केनी ब्राउन, बासवर एरिक डीटन. हे दोघं त्या म्हाताऱ्यांबरोबर वाजवलेले. "दहा तास!" ती म्हणाली. "तळघरापेक्षा कमी. तेव्हा घाई होती की गरज होती, सांग ना."

तो म्हणाला, २०२४ चा दौरा बघ. 'ओहायो प्लेयर्स' आला, मोठमोठ्या अरीना, म्हणजे हजारो प्रेक्षक मावतील अशी छताखालची सभागृहं, धरल्या आणि अमेरिकेतला सगळा दौरा रद्द करावा लागला. तळघरात जन्मलेला आवाज तेवढ्या छताखाली उभा राहत नाही.

मला दोघांचंही थोडं पटत होतं, पण मी बोलले नाही. हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न असताना मी संगीतावर मतं देत नाही. आता देते. सुरुवातीला त्या दोघांकडे निवडायला काही नव्हतं. जे मिळालं त्यावर वाजवलं आणि ते यंत्र कुठे तुटतं ते ओळखून नेमकं तिथे जोर लावला. पुढे निवडायला सगळं मिळालं, तेव्हा ते तुटणं विकत आणावं लागलं, जुनी यंत्रं, जुने माइक, जुना स्टुडिओ. दोन्ही कामं अवघडच, पण वेगळी. माझ्याकडे येणारी पोरं त्या दुसऱ्या कामालाच पहिलं समजतात आणि त्यासाठी कर्ज काढतात.

शेवटी मी एलएम ३३७ काढला. हा रेग्युलेटर सांगाल तितके उणे व्होल्ट देतो. एक रेझिस्टर बदलला की आकडा बदलतो. चांगलं जाड हीटसिंक लावलं, पट्टीचा जळका भाग खरवडून बाजूने तार ओढली आणि मागच्या बाजूला एक छोटी कळ बसवली. एकीकडे उणे पंधरा, एकीकडे उणे बारा. कळ बदलायच्या आधी मास्टर, म्हणजे एकूण आवाज, खाली आणायचा, एवढं पथ्य.

मग परीक्षा. तिने दुकानातल्या एकुलत्या ड्रमवर ठोके दिले, त्याने माझ्या जुन्या ॲम्पवर गिटार लावली. तेच वाजवणं दोनदा टेपवर घेतलं, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. ऐकवताना कुठलं कुठलं ते फक्त भावाला माहीत. त्याला नाणं उडवून क्रम ठरवायला सांगितलं. असं बऱ्याचदा केलं.

ड्रमवाली एकदाही चुकली नाही. डोळे मिटून बोट वर करायची. "हे बारा." तिचं म्हणणं, ठोक्याच्या सुरुवातीला नाही, शेपटीला ऐका. गिटारवाल्याला फरक ऐकू येत होता, पण जो "आपला" म्हणून तो निवडत होता, तो जवळजवळ दर वेळी पंधराचा निघाला. भावाने कागद समोर धरला तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुझ्या दुकानाची खोली खराब आहे." असेलही. भिंतीला खोकी लावलेल्या खोलीत कसला आवाज येणार.

कळीच्या दोन्ही बाजूंना काय लिहायचं, असं मी मार्कर देऊन विचारलं. ती म्हणाली, "इकडे तळघर, तिकडे अरीना." त्याने मार्कर घेतला आणि दोन्ही शब्द उलट जागी लिहिले. बराच वाद झाला. शेवटी मी स्पिरिटने पुसून १२ आणि १५ असे आकडे लिहून दिले.

बिलात कपॅसिटर, हीटसिंक, मजुरी आणि शेवटी "चूक कळीवर बसवली" अशी एक ओळ. भावाने विचारलं, याचे वेगळे पैसे कशाला. म्हटलं, नीट दुरुस्त करून दिलं असतं तर स्वस्तात पडलं असतं. ती हसली, पण घासाघीस तिनेच केली आणि मी थोडे कमी केले. निम्मे पैसे त्यांनी तेव्हाच दिले, उरलेले बारमधल्या कार्यक्रमानंतर द्यायचं ठरलं. पुढच्या महिन्यात ते आले, सगळे एक आणि पाच डॉलरच्या नोटांत.