आमची वाटचाल : गाडी मोडावी, पिंजरा नाही

सोळा वर्षं दादा आणि मी आदळलेल्या गाड्या सरळ करत होतो. डेंटिंग, पेंटिंग, चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा ओढून जागेवर आणणं. गाडी कुठे दुमडते, छताला आधार देणारा कुठला पिलर आधी जातो, कुठलं वेल्डिंग उकलतं, हे त्या कामात हाताला कळत गेलं. एक दिवस सिनेमावाले आले आणि एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या तीन गाड्या मागितल्या. एक नटासाठी, दोन स्टंटमध्ये मोडायला. दादा लगेच हो म्हणाला. मी अडून बसलो होतो. जोडण्यात आयुष्य गेलेलं, आता मुद्दाम मोडायचं, हे पटत नव्हतं.

मोडायच्या गाडीवर जोडायच्या गाडीपेक्षा जास्त काम असतं, हे पहिल्याच महिन्यात समजलं. आधी ती आतून रिकामी करायची. एअरबॅग काढायच्या, कारण रॅम्पला, म्हणजे उडीसाठी लावलेल्या चढाला, चाक लागताच ती फुगली तर ड्रायव्हरला समोरचं काहीच दिसणार नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करायचं, नाहीतर चाकं लॉक होत नाहीत आणि गाडी हवी तशी आडवी घसरत नाही. मूळ टाकी काढून फोम भरलेली छोटी टाकी बसवायची आणि तीत त्या शॉटला लागेल तेवढंच पेट्रोल. (आदळली की गाडीचा स्फोट होतो हे पडद्यावरचं खरं, तो जाळ स्पेशल इफेक्ट्सची माणसं वेगळा लावतात.)

मग रोल केज, म्हणजे ड्रायव्हरच्या भोवतीचा पोलादी पाइपांचा पिंजरा. आमचा खरा जीव यातच. पाइप छताला चिकटून जातो, त्यामुळे सांध्याच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. दिसत नाही म्हणून तेवढा भाग सोडून देणारे आहेत. दादाची पद्धत वेगळी. तो पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडतो, अख्खा पिंजरा खाली उतरवतो, वरचे सांधे पूर्ण गोल फिरून वेल्ड करतो, मग पिंजरा वर उचलून पायांखाली जाड प्लेट देतो. वेळ जातो. पण गाडी छतावर पडते तेव्हा सगळा भार त्याच सांध्यांवर येतो.

आमची एक मोठी चूक सांगितली पाहिजे. पहिल्या उडीच्या तालमीत गाडी नाकावर आपटली. पिंजरा शाबूत राहिला, पण ड्रायव्हरची मान आखडली आणि दोन दिवस त्याला वळता येईना. चूक आमचीच. पुढची चाकं रॅम्प सोडतात तेव्हा मागची अजून रॅम्पवरच असतात. तेवढ्या क्षणात, पुढे इंजिनाचं वजन असलेली गाडी नाक खाली घालू लागते. हे आम्ही मोजलंच नव्हतं. तेव्हापासून मागे वजन टाकतो, तेही बोल्टने जखडून, आणि उडीआधी चारही चाकांखाली काटा लावून वजनाची नोंद करतो.

मोजण्याचं महत्त्व या धंद्यात जुनं आहे. १९७४च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये गाडी नदीवरून उडताना हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते. ती उडी आधी संगणकावर मांडली होती आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं राहावं म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मध्यभागी आणलं होतं. पहिल्याच टेकमध्ये जमली. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही हे सांगतो.

पाचव्या वर्षी कॅनन रोलचं पहिलं काम मिळालं. फ्लोअरमध्ये उभी नळी, तिच्यात लाकडाचा ओंडका, मागे दाबाखालचा नायट्रोजन. गाडी आडवी घसरू लागली की ड्रायव्हर बटण दाबतो, ओंडका जमिनीला रेटा देतो आणि गाडी उलटते. २००६च्या ‘कसिनो रॉयल’मध्ये याच युक्तीने गाडीने सात कोलांट्या घेतल्या आणि तो जागतिक विक्रम ठरला. आमची गाडी तीनदाच उलटली. धूळ बसेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. खिडकीतून ड्रायव्हरचा अंगठा बाहेर आला तेव्हा दादा खालीच बसला. त्या दिवसानंतर मी या कामाला कधी नाही म्हटलं नाही.

आज आम्ही नऊ जण आहोत. एकदा उलटलेला पिंजरा कितीही चांगला दिसला तरी पुन्हा वापरत नाही. कापतो आणि प्रत्येक सांधा उघडून बघतो. सध्या डोकं बॅटरीवरच्या गाड्यांत गुंतलंय. त्यांची बॅटरी फ्लोअरखाली असते, कित्येकशे किलोची. आगीच्या भीतीने ती काढावीच लागते, पण काढली की गाडी हलकी होते, तिचा भार वर सरकतो आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर उलटते. म्हणून बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाच्या लोखंडी प्लेट्स बसवून बघतोय. पहिली गाडी काट्यावर उभी आहे. मागचं डावं चाक अजून बारा किलोने जड येतंय.