आर्यनची पावती

मंगळवार, रात्री पावणेदहा

सकाळी मंडईत गेले होते. लोणच्यासाठी आवळे आणि ओली हळद हवी होती. गाडी नेहमीप्रमाणे आर्यनला लावली. पावती फाडणारा मुलगा नवा होता, असेल वीस-बावीस वर्षांचा. काय मनात आलं कोण जाणे, त्याला विचारलं, "आर्यन म्हणजे काय, ठाऊक आहे का रे?" तो म्हणाला, "पार्किंगचं नाव आहे ना, मावशी." मी म्हटलं, "इथे टॉकीज होतं. पुण्यातलं पहिलं." त्याने मान वर करून स्लॅबकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथे? या जागेवर?" मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. पण दिवसभर तो "इथे?" काही डोक्यातून गेला नाही. म्हणून आज लिहायला बसले.

पालिकेने वाहनतळाला दुसरं नाव दिलंय. मंडईत ते कोणाच्या तोंडी नाही. आर्यन म्हणजे आर्यन, आणि पलीकडचं मिनर्व्हा. तेही टॉकीजच होतं. दोन टॉकिजांच्या जागी आज गाड्या उभ्या राहतात आणि नावं मात्र कुणी पुसू शकलं नाही.

बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली आर्यन सुरू केलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे सिनेमा ही वस्तूच नवी होती आणि ती या मंडईच्या गर्दीत, भाजीच्या गाड्यांशेजारी येऊन उभी राहिली. मला सगळ्यात जवळची वाटते ती १९२० सालची गोष्ट. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच घडवला, त्यावर 'सैरंध्री' काढला आणि ७ फेब्रुवारीला तो आर्यनमध्ये लागला. कीचकवधाचा प्रसंग त्यांनी इतका हुबेहूब उतरवला होता की बघणारे हादरून गेले. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच सिनेमामुळे. त्यानंतर सहा महिन्यांत, १ ऑगस्टला, टिळक गेले. टिळक राहायचे त्या केसरीवाड्यापासून मंडई चालत किती लांब? मी गाडी लावते त्या जमिनीवर हे सगळं घडलंय, आणि मी इतकी वर्षं तिथे दर आठवड्याला फक्त सुट्टे पैसे शोधत उभी राहते.

१९८३ मध्ये आर्यन पाडलं तेव्हा मी नववीत होते. शाळेतून येताना धूळ दिसली, लोक उभे दिसले. घरी येऊन आईला सांगितलं, "आर्यन पाडतायत." आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले. लग्नानंतर आप्पांबरोबर पहिला सिनेमा तिने तिथे बघितला होता. कोणता ते तिला सांगता यायचं नाही. पण आप्पांनी खारे दाणे घेतले होते आणि पुडी तिच्याकडे धरायला दिली होती, एवढं मात्र ती नेहमी सांगायची.

दुपारी तडक मामाकडे गेले, शनिवारात. तो आता शहात्तरचा आहे. पेठेतल्याच एका टॉकीजमध्ये तो जवळजवळ चाळीस वर्षं ऑपरेटर होता, म्हणजे सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा. त्याला आर्यनची पावती दाखवली. त्याने भिंग लावून वाचली आणि म्हणाला, "पैसे वाढवले की गं यांनी." मग उठून, गुडघा धरत, फडताळातून पत्र्याची डबी काढली. आत कार्बनचे तुकडे होते.

हे तुकडे मी किती वर्षांनी बघितले! पूर्वी मशीनच्या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर लावत. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरायची आणि त्या उजेडावर सिनेमा दिसायचा. कांड्या जळून आखूड होत, तसं मधलं अंतर सारखं जमवत राहावं लागे. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. उरलेले बोटभर तुकडे मामा घरी आणायचा. त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असायचा, पण टोक काळं. त्या टोकाने आम्ही वाड्याच्या शहाबादी फरशीवर ठिक्करबिल्ल्याचे चौकोन आखायचो. ती रेघ खडूसारखी पायाने पुसली जायची नाही, आजी फडकं घेऊन घासत बसायची आणि मामाला बोल लावायची. आज मी एक तुकडा हातात घेतला तर बोटं लगेच काळी झाली.

मामा बोलायला लागला की त्याला थांबवू नये. मशीन दोन असायची. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला इकडचा उजेड बंद करून तिकडचा सोडायचा. "खाली हजार माणूस बसलेलं असायचं, एकालाही कळलं नाही पाहिजे," तो म्हणाला. त्याने लहानपणी मला तो ठिपका दाखवला तेव्हापासून मला तो प्रत्येक सिनेमात दिसायचा. डिजिटल आलं आणि तो गेला. अजूनही माझे डोळे अधूनमधून त्या कोपऱ्यात जातात.

आणि सायकलवरची रिळं! एकच प्रिंट दोन टॉकिजांत चालवायची असली की एकाचा खेळ अर्धा तास उशिरा ठेवायचे. इकडचं रीळ संपलं की पोऱ्या डबा कॅरिअरला बांधून तिकडे पळायचा. एकदा गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडला तो पोऱ्या गर्दीत अडकला आणि मामाच्या टॉकीजमध्ये हिरोइनला गुंडांनी पळवून नेलं त्या जागी पडदा पांढरा झाला. वीस मिनिटं. मामाला ते आठवून आजही घाम फुटल्यासारखं होतं. शेवटी मॅनेजरने पडद्यापुढे उभं राहून लोकांना हात जोडले.

त्याची नोकरी कशी संपली ते तो फारसं बोलत नाही. नवीन यंत्र आलं, त्याला माणूस लागत नव्हता, एका महिन्याच्या एकतीस तारखेला सांगितलं की उद्यापासून येऊ नका. शेवटच्या चार महिन्यांचा पगार अजूनही यायचा आहे. त्या टॉकीजचं नाव तो तेव्हापासून घेत नाही, मीही लिहीत नाही.

प्रभातबद्दल मात्र भरभरून बोलतो. इंदूरच्या सरदार किब्यांनी १९३४ साली अप्पा बळवंत चौकात हे थिएटर बांधलं, नाव किबे लक्ष्मी. चालवायला घेतलं प्रभात फिल्म कंपनीने, जी वर्षभर आधीच कोल्हापूर सोडून पुण्यात आली होती. त्या कंपनीचे विष्णुपंत दामले मूळचे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे आर्यनमधल्या 'सैरंध्री'पासून प्रभातपर्यंत धागा सरळ येतो. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, तिच्या स्टुडिओत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आलं, पण टॉकीज दामले कुटुंबाने चालवत ठेवलं. मराठी सिनेमाला बाकी ठिकाणी तारखा मिळायच्या नाहीत तेव्हा प्रभात होतं. २०१४ च्या डिसेंबरात करार संपला, थिएटर किब्यांकडे परत गेलं. त्या शेवटच्या दिवसांत मी मामाला घेऊन गेले होते. सिनेमा चालू असताना तो सारखा मागे वळून बघत होता, त्या उजेडाच्या चौकोनी खिडकीकडे. म्हणाला, "आवाजच नाही गं मशीनचा." पुढे थिएटर पुन्हा उघडलं, जुन्या नावाने, किबे लक्ष्मी. आम्ही तरी प्रभातच म्हणतो.

पुण्यात पत्ता सांगायचा तर टॉकीजवाचून चालतच नाही. टिळक चौक म्हटलं तर नवखा माणूस गोंधळेल, अलका चौक म्हटलं की रिक्षा वळलीच. विसर्जनाची मिरवणूक "अलकाला पोचली का?" असंच सगळे विचारतात. लिमये नाट्यचित्र मंदिर हे नाव किती जणांना माहीत असेल? पण विजय टॉकीज सगळ्यांना ठाऊक. कॅम्पातल्या लोकांची टॉकीज वेगळी, वेस्ट एंड, एम्पायर, कॅपिटॉल. गोऱ्यांसाठी तिथे इंग्रजी सिनेमे लागत. कॅपिटॉलचं पुढे व्हिक्टरी झालं, बुधवारातल्या ग्लोबचं श्रीनाथ.

टीव्हीने पहिला घाव घातला असं मामा म्हणतो. १९७३ मध्ये सिंहगडावर मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं आणि शनिवारच्या मराठी सिनेमाला अख्खा वाडा एका घरात जमायला लागला. मला ते पटतं, पण अर्धंच. आम्ही शनिवारी टीव्ही बघायचो आणि रविवारी तीनच्या खेळालाही जायचो. बायकांची रांग वेगळी असायची आणि छोटी, त्यामुळे तिकिटं काढायला आई पुढे. अनोळखी माणसं येऊन तिच्या हातात पैसे कोंबायची, "वहिनी, आमची पण दोन." आई मोजून सगळ्यांची काढायची. टॉकिजांच्या जागांचे भाव वाढले, करमणूक कर भरमसाट होता, दुरुस्तीला पैसा उरत नव्हता, खुर्च्यांत ढेकूण झाले. माणसं त्यामुळे गेली असं माझं मत आहे. पडदा लोकांना तेव्हाही हवा होता आणि आताही आहे, नाहीतर मॉलमध्ये एवढ्या महागड्या तिकिटाला रांग लागली नसती.

निघताना मामाने आर्यनची पावती मागून घेतली आणि कार्बनच्या डबीत ठेवली. मी म्हटलं, अरे, ती गाडी काढताना दाखवावी लागते तशातली नाही, तुला राहू दे.

संध्याकाळी मुलाचा फोन. उद्या सहाला डेक्कनला भेटायचं, चष्म्याचं दुकान बघायचंय. म्हणाला, "आर डेक्कनपाशी थांब." ते मल्टिप्लेक्स व्हायच्या आधी तिथे नटराज होतं आणि नटराजच्या आधी हिंदविजय. आजी शेवटपर्यंत हिंदविजयच म्हणायची.

"नटराजपाशी ना?" मी विचारलं.

"हो गं आई, तेच."