खुरीच्या वाटेवरचा आकडा

फेब्रुवारीच्या अखेरीस जैसलमेरहून खुरीला निघालेले बहुतेक प्रवासी वाळूच्या टेकड्या गाठेपर्यंत कुठे थांबत नाहीत. आम्ही मात्र वाटेवरच्या आकडा नावाच्या झुडपासाठी मुद्दाम उतरलो. शनिवारी मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचाच हा भाऊबंद. आपल्याकडच्या मोठ्या रुईच्या पाकळ्या आडव्या पसरतात. याच्या पाकळ्या वाटीसारख्या उभ्या, आतून पांढऱ्या आणि टोकांना गडद जांभळ्या असतात.

ऊन तापू लागले तसे काळे भुंगे आले. भुंगा मध पिताना त्याचा पाय फुलाच्या मधल्या खांबावरील उभ्या फटीत घसरतो आणि तो उपसताना बारीक चिमट्याने जोडलेल्या परागांच्या दोन पिवळ्या पिशव्या पायाला लटकून येतात; त्यांतली एखादी दुसऱ्या फुलाच्या फटीत अडकली, तरच फळ धरते. भिंगातून हे पाहण्यात आमचा तास गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. शेजारच्या पानावर प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी होती. आकड्याचे विष ती अंगात साठवते, त्यामुळे पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

आकड्याची झोपडी, फोग या वाळवंटी झुडपाचे कुंपण, बाजरीची भाकरी आणि मोठाची, म्हणजे मटकीची, डाळ, असे मारवाडाचे वर्णन तिथली जुनी म्हण करते. सालीतल्या चिवट वाखाचे दोर वळतात, आणि आपण लहानपणी ‘म्हातारी’ म्हणून जी उडवतो, ती बियांवरची रेशमी लव उशांत भरतात. तेल लावून गरम केलेले पान दुखऱ्या सांध्यावर बांधण्याची रीत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. पोटात घेण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा आणि सकाळी लवकर निघावे, कारण दुपारी झुडपाजवळ बसवत नाही. सोबत भिंग, भरपूर पाणी आणि बंद बूट असावेत. ढाणीजवळचे, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीजवळचे, झुडूप पाहायचे असल्यास घरच्यांना आधी विचारावे, आणि राष्ट्रीय मरुउद्यानातील सुदासरीला जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी काढावी. फूल किंवा पान तोडू नये. चीक हाताला लागलाच, तर तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेलेला चीक पुष्कळदा फारसा दुखत नाही, पण काही तासांनी दृष्टी धूसर होते. म्हणून वेदनेची वाट न पाहता डोळा भरपूर पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.