बत्तिसावी

सोमवारी तिसऱ्या तासाला ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आठवीतली. "मॅडम, पोट दुखतंय." शाळेत समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर एक कळलंय, सोमवारच्या पोटदुखीला आधी जरा बसू द्यावं. ती बसली. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत राहिली. अर्धंअधिक सोलून झाल्यावर म्हणाली, "मी पण टाकला."

"काय?"

"हसणारा चेहरा. ग्रुपवर."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. शुक्रवारी धडा वाचताना तो 'परिस्थिती'च्या 'प'वर अडकला. कुणीतरी बाकाखालून मोबाइलवर ते टिपलं आणि संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर क्लिप पडली, नुसता तो 'प' पुन्हा पुन्हा वाजणारी. "माझ्याआधी एकतीस जणांनी टाकला होता, मॅडम. मी मोजले. मग टाकला." पाचवीपर्यंत ती दोघं एकाच बाकावर बसायची. आज तो तिच्याकडे बघतही नव्हता.

'मोजले' हा शब्द माझ्या मनात रुतला. ज्याला खरंच हसू येतं तो मोजत बसत नाही.

मी तिला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. तीन रेघांतली कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे ते ओळखायचं, अगदी सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देणारे, आणि परीक्षा एकट्याचीच. चारातले तीन जण निदान एकदा तरी घोळक्यामागे गेले, आणि ते कॉलेजातले तरुण होते, तेरा वर्षांची पोरं नव्हेत. मात्र खरं उत्तर देणारा एक जरी सोबतीला बसवला, की हे मागे जाणं झपाट्याने कमी व्हायचं.

ती बराच वेळ गप्प राहिली. "म्हणजे मी बत्तिसावी झाले नसते, तर तेहेतिसावा थांबला असता?"

"कदाचित," मी म्हटलं. तिची खोटी समजूत काढणं मला जमेना.

मधल्या सुट्टीत मी त्याला भेटले. काही वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी मी तडक वर्गात जाऊन सगळ्यांना झापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीला 'मॅडमची चमची' हे नवीन नाव पडलं. ती चूक मला अजून बोचते. म्हणून या वेळी आधी त्यालाच विचारलं. क्लिपचं मुख्याध्यापकांना सांगावंच लागेल, तेवढं माझ्या हातात नाही. बाकी तुला काय हवंय ते तू सांग.

तो बोलेपर्यंत मी थांबले. त्याला वेळ लागला.

"क्लिप काढली तरी त्यांच्याकडे आहेच. मी अ... अडकलो की माझा शब्द दुसऱ्या कुणी पुरा करू नये. सरसुद्धा करतात."

सर ते मायेने करतात, मला माहीत आहे. मीही केलं असेल. लहानपणी शंभरातली साधारण ५ मुलं कधी ना कधी अडखळतात, त्यातली बरीचशी पुढे सुटतात; उरलेल्यांना आपण शब्द पुरवत राहतो आणि त्याला मदत म्हणतो. वाचा-उपचार करणारेही हेच सांगतात, थांबा, त्याचं त्याला बोलू द्या. पण ते एका मुलाच्या तोंडून ऐकताना माझी मान खाली गेली.

मुख्याध्यापक, पालक, क्लिप काढून टाकणं, हे सगळं त्या दिवशी रीतसर झालं. सरांशी मी वेगळं बोलले. संध्याकाळी तिने आपणहून ग्रुपवर लिहिलं, "मी माझं हसू परत घेतेय. ते चुकीचं होतं." आणखी दोघांनी आपापले चेहरे काढून टाकले. बाकीच्यांनी 'आली मोठी शहाणी' म्हणून तिच्यावर तोंडसुख घेतलं. रात्री ती रडली, असं तिच्या आईने सांगितलं.

मंगळवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्याची वाचायची पाळी आली. तिसऱ्याच ओळीत तो अडकला. सर फळ्यापाशी हाताची घडी घालून थांबले, ओठ घट्ट मिटून. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिने वळून पाहिलं नाही. तिचं बोट पुस्तकात त्याच शब्दाखाली टेकलेलं होतं, आणि तो पुढे सरकेपर्यंत ते हललं नाही.