करंट रेसिडेंट

लेकीला पार्क आवडलं. एवढं एका ओळीत सांगून मोकळी होते, कारण मला जे सांगायचंय ते सगळं पार्काच्या फाटकाच्या अलीकडचं आहे.

मे २०२१. कॅलिफोर्नियातली थीम पार्क करोनामुळे वर्षभराहून जास्त काळ कुलूपबंद राहून नुकती कुठे उघडायला लागली होती. १ एप्रिलपासून राज्याने परवानगी दिली होती, तीही काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रंगावर, आणि रंग ठरायचा तिथे करोना किती पसरलाय त्यावर. काउंटी लाल असेल तर क्षमतेच्या १५ टक्के माणसं, नारिंगी असेल तर २५, पिवळी असेल तर ३५. रंग कुठलाही असो, एक अट सगळीकडे सारखी होती: आत येणारा कॅलिफोर्नियात राहणारा हवा. ही अट मला तेव्हाही पटली होती. माझं भांडण अटीशी नाही. आपण इथे राहतो हे दाखवायचं कशाने, तिथे माझं घोडं अडलं.

नवऱ्याचं काम सोपं. खिशातून लायसन्स काढून दाखवलं, त्यावर फोटो आणि पत्ता, झालं. माझं लायसन्स फेब्रुवारीतच संपलं होतं. एच-४ वाल्या बायकांना यामागची कथा वेगळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोला मिळतो तो एच-४, आणि आमच्या लायसन्सची मुदत व्हिसाच्या तारखेला बांधलेली असते. नवऱ्याच्या एच-१बी ची मुदतवाढ तेव्हा जादा पैसे भरले की पंधरा दिवसांत यायची. बायकोच्या अर्जाला मात्र २०१९ पासून बोटांचे ठसे द्यायची अट घातलेली, आणि २०२० मध्ये ठसे घेणारी केंद्रंच काही महिने बंद. केंद्रं उघडली तेव्हा पुढे एवढी रांग साचली होती की माझा अर्ज महिनोन् महिने जागचा हलला नाही. अर्ज अडकला म्हणून व्हिसा अडकला, व्हिसा अडकला म्हणून लायसन्स अडकलं. तिकिटं काढताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिकिटं काढली नवऱ्याने, त्याच्या कार्डावर. चार तास ऑनलाइन रांगेत काढून ११ मे ही तारीख मिळवली. त्या दिवशी लेकीला सात वर्षं पूर्ण होणार होती. सहावा वाढदिवस लॅपटॉपसमोर केक कापून झाला होता, त्यामुळे या तारखेवर मी अडून बसले होते.

पार्काच्या नियमांचं पान मी नीट वाचलं ते तिकिटं निघाल्यानंतर. (तुम्ही आधी वाचा.) अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतःचा पुरावा लागेल. कॅलिफोर्नियाचा पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र नसेल तर दुसरं फोटो ओळखपत्र, आणि सोबत नाव-पत्ता असलेला, अलीकडच्या तारखेचा, छापील कागद. वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट, गाडीचं रजिस्ट्रेशन, सरकारी कचेरीचं पत्र वगैरे. अलीकडची तारीख म्हणजे किती अलीकडची, ते लिहिलेलं नव्हतं. मी आपले दोन महिने धरले.

म्हटलं, एक कागद तर हवाय. पाच वर्षं राहतोय या घरात.

त्या रात्री लेक झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर फाइल उपडी केली. वीज-गॅसचं बिल नवऱ्याच्या नावाने. इंटरनेट त्याचं. मोबाइलचा फॅमिली प्लॅन आणि गाडी, दोन्ही त्याच्या नावावर. बँकेचं खातं त्याचं, माझ्याकडे फक्त जादाचं कार्ड, आणि त्याचं स्टेटमेंटही त्यालाच येतं. खातं जॉइंट करू करू म्हणत पाच वर्षं गेली होती. तो आळस आमच्या दोघांचा, त्यात कुणाला दोष देत नाही. घराच्या लीजमध्ये माझं नाव सापडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पण लीज दोन वर्षांपूर्वीची, आणि भाडेकरू म्हणून सही नवऱ्याची. माझं नाव खाली, लेकीच्या नावाच्या वर, 'ऑक्युपंट', म्हणजे नुसतं राहणारं माणूस, या रकान्यात. लशीचं पांढरं कार्ड होतं, त्यावर नाव आणि जन्मतारीख होती. पत्ता नव्हता. शाळेची पत्रं 'अमुकतमुकच्या पालकांस'. म्हणजे सात वर्षांच्या पोरीचं नाव पाकिटावर छापून येत होतं आणि माझं येत नव्हतं.

ढिगाच्या तळाशी पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होती. तिच्यावर नवऱ्याचं नाव आणि पुढे 'ऑर करंट रेसिडेंट', म्हणजे किंवा सध्या इथे जो राहत असेल तो. टॅक्सवाले मला रेसिडेंट धरतात, इमिग्रेशनवाले नॉन-इमिग्रंट म्हणतात, आणि पिझ्झावाला तेवढा करंट रेसिडेंट म्हणून मान देतो. रात्री साडेअकराला मला याचं हसू आलं नाही.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. तासाभरात चौदा सल्ले आले. लायब्ररीचं कार्ड दाखव (त्यावर पत्ता नसतो). भारतातला पासपोर्ट आहे ना, तो दाखव (त्यावर पत्ता असतो, पण साताऱ्याचा). एकीने लिहिलं, "अगं, कुणी बघत नाही." यावर मी मुळीच विश्वास ठेवला नाही. पुढे फाटकावर काय दिसलं ते सांगतेच.

वीजबिलावर माझं नाव घालून घ्यायचं ठरलं. २९ एप्रिलला सकाळी नऊला फोन लावला. बावन्न मिनिटं होल्डवर. मधेमधे तो आवाज सांगत होता की तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे. मी भांडी घासली, लेकीला ऑनलाइन शाळेत बसवलं, तिचा माइक म्यूट केला. शेवटी एक बाई आली. चांगली होती बिचारी, पण खातेदाराच्या तोंडची परवानगी हवी म्हणाली. खातेदार बेडरूममध्ये मीटिंगमध्ये होता. फोन स्पीकरवर टाकून मी आत गेले, खुणा केल्या. त्याने आमच्या फोनकडे बघून "येस, आय ऑथोराइज हर" म्हटलं, ते लॅपटॉप म्यूट न करता. पलीकडे त्याच्या मॅनेजरने विचारलं, कुणाला?

मग नावाचं स्पेलिंग. माझं आडनाव इंग्रजीत अकरा अक्षरी आहे. एकेक अक्षर 'डी फॉर डेल्टा' करत दोनदा सांगितलं. बाई म्हणाली, झालं, ॲड केलं. मी म्हटलं, मग आता बिल डाउनलोड केलं तर नाव दिसेल? नाही, पुढच्या बिलापासून दिसेल. पुढचं बिल कधी? १४ मे.

तीन दिवसांनी चुकलं. म्हटलं, नुसतं एक पत्र द्या की ही बाई या पत्त्यावर आमची ग्राहक आहे. देऊ की. पोस्टाने, सात ते दहा कामाच्या दिवसांत. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. सात धरले तर पोचत होतं, दहा धरले तर नव्हतं. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि सिंकपाशी उभी राहून चक्क रडले. पार्कासाठी नव्हे. पाच वर्षांत एवढ्या पोळ्या या गॅसवर भाजल्या, आणि गॅसवाल्यांच्या लेखी मी आज सकाळी जन्मले, तेही अजून छापून यायचंच.

नवरा म्हणाला, १५ जूनपर्यंत थांबू या ना. गव्हर्नरने एप्रिलच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की त्या दिवशी बहुतेक निर्बंध उठणार. त्याचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.

३ मेला पोस्टाच्या पेटीत इमिग्रेशनचं पाकीट आलं. ठसे देण्याची अपॉइंटमेंट, १३ मे. इतक्या महिन्यांनी! आधी आनंद झाला, मग पार्काहून परतताना उशीर झाला तर काय ही धास्ती. कागद फ्रिजला चिकटवला. सलग दोन दिवस मी त्या फ्रिजमधून दूध काढलं, भाजी काढली. ५ तारखेला सकाळी कोथिंबीर हातात घेऊन उभी असताना नजर वरच्या कोपऱ्यात गेली. माझं नाव. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, अकराच्या अकरा अक्षरं. खाली आमचा पत्ता, अपार्टमेंटच्या नंबरासकट. तारीख एप्रिलची. आणि कागद सरकारी. ज्या खात्याने माझं लायसन्स अडकवलं होतं त्याच खात्याने मी कॅलिफोर्नियात राहते असं लिहून पाठवलं होतं. वर ठळक अक्षरांत छापलेलं की या सूचनेमुळे कोणताही इमिग्रेशन दर्जा किंवा लाभ मिळत नाही. नको मिळू दे. मला फक्त एका फाटकातून आत जायचं होतं.

एक आठवलं म्हणून इथेच सांगते: व्हिसा कुठला आहे याच्याशी पार्काला देणंघेणं नव्हतं. तुम्ही राज्यात राहता का, एवढंच बघत होते. या भीतीने घरी बसलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत.

मूळ कागद सोबत न्यावा की नाही, यावर घरात वाद झाला. तो हरवला तर १३ तारखेचे ठसे गेले. पण झेरॉक्स दाखवली आणि नाही चालली तर? शेवटी दोन्ही घेतलं. झेरॉक्स शेजारच्या तेलुगू कुटुंबाच्या प्रिंटरवर काढली, कारण लायब्ररी बंद होती. मुलांच्या शाळेमुळे त्या वर्षी बऱ्याच घरांत प्रिंटर आले होते, आमच्या सोडून. फोनमधल्या फोटोवर विसंबले नाही. छापील म्हटलं होतं म्हणजे छापीलच.

आमच्या फ्रीमाँटहून पार्कापर्यंत गाडीने सहा-सात तास. वाटेत कोअलिंगा गावाजवळच्या गुरांच्या मोठ्या गोठ्यांचा तो वास मास्कमधूनही आला. तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतच संपल्या. ११ तारखेला सकाळी फाटकावर होतो.

"कुणी बघत नाही" म्हणणाऱ्या बाईंसाठी: बघतात. टेबलामागे चेहऱ्यावर प्लॅस्टिकची ढाल लावलेली साठीची बाई होती. नवऱ्याचं लायसन्स तिने तीन सेकंदांत परत केलं. माझा पासपोर्ट घेतला, फोटो पाहिला, मास्क क्षणभर खाली करायला लावला. मग पान उलटत उलटत थेट शेवटच्या पानावर गेली, जिथे आपल्या पासपोर्टवर आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो. बोट ठेवून वाचलं, "सा-टा-रा." माझ्याकडे बघितलं. "व्हेअर इन कॅलिफोर्निया इज दॅट?"

घशाला कोरड पडली. मी फाइल उघडली आणि मूळ कागद पुढे केला. तिने नाव पासपोर्टशी अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. मग तारीख, मग पत्ता, मग परत नाव. माझ्या फाइलमध्ये खाली लग्नाचं सर्टिफिकेट, नवऱ्याचं वीजबिल, लीज आणि लशीचं कार्डही होतं. ती काही मागितलीच नाहीत. "यू आर ऑल सेट," म्हणाली आणि लेकीला हॅपी बर्थडे केलं, कारण लेकीने तोवर तिला वय, शाळा, पडलेले दात सगळं सांगून टाकलं होतं. लेकीचा पासपोर्ट उगाच आणला होता. मुलांना काही लागलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब अडलं होतं. मुलगा, सून, नातवंडं कॅलिफोर्नियाची, आजी ॲरिझोनाची. बराच वेळ बोलणं चाललं होतं. आम्ही आत गेलो तेव्हा आजी बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि नातवंडांना हात करत होती. नियम म्हणजे नियम, पण माझ्या आईचाच चेहरा डोळ्यांपुढे आला.

१३ तारखेला ठसे दिले. १७ मेपासून एच-४ साठी ठशांची ती अटच स्थगित झाली. चार दिवसांनी. १५ जूनला रहिवासाची अटही गेली. नवऱ्याने "सांगत होतो ना" म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

पुढे कधी कुठे असा पुरावा लागला तर त्यासाठी मैत्रिणीने नंतर सांगितलेला उपाय: भाडेकरूंचा विमा स्वतःच्या नावाने ऑनलाइन काढायचा. दहा मिनिटं लागतात, महिन्याला दोन पिझ्झ्यांएवढा हप्ता, आणि नाव-पत्ता असलेलं पॉलिसीचं पान लगेच हातात. ती त्याच कागदावर पार्कात जाऊन आली होती. ग्रुपवरच्या चौदा सल्ल्यांत हा नव्हता. खातं जॉइंट मात्र आम्ही जूनमध्ये केलं. मीच मागे लागून.

वीज कंपनीचं पत्र आलंच नाही. बिल आलं, १४ तारखेचं. नवऱ्याच्या नावाखाली माझं नाव होतं, आडनावात दहा अक्षरं. नवरा म्हणाला, फोन करून दुरुस्त करून घे. मी म्हटलं, आता तू कर, आणि मीटिंग चालू असताना कर.